पगारमर्यादा असलेल्या लीगमध्ये पंचवीस-सव्वीसचा खेळाडू मागे का पडतो?

टिळकवाडी मैदान

सर्वांना नमस्कार. गेली अठरा वर्षे मी बेळगावच्या टिळकवाडीतील लेले मैदानावर सकाळच्या वेळी मुलांना फुटबॉल शिकवतो. पोटापाण्याचा उद्योग वेगळा आहे, परंतु पहाटे साडेपाच ते आठ ही वेळ मी मुलांसाठी राखून ठेवली आहे. त्या मुलांपैकी दोघांमुळे हा प्रश्न मला पडला आहे आणि जाणकारांनी सविस्तर उत्तर द्यावे अशी विनंती आहे.

पहिला विद्यार्थी आता सव्वीस वर्षांचा असून मधल्या फळीत खेळतो. बेंगळुरूच्या सुपर डिव्हिजनमध्ये तो पाच हंगाम खेळला आहे. यंदा एका व्यावसायिक संघाच्या निवड चाचणीला तो गेला होता. चार दिवस त्याला ठेवून घेतले, सराव सामन्यात पूर्ण नव्वद मिनिटे खेळवले, आणि शेवटी सांगितले, "तुझ्या खेळाबद्दल तक्रार नाही, पण आमच्या पगाराच्या हिशेबात या वयाच्या नव्या खेळाडूला जागा नाही." त्याच दिवशी त्यांनी एकोणीस वर्षांच्या एका मुलाशी करार केला. तो मुलगा याच्यापेक्षा सरस नव्हता, हे मी शिष्याच्या प्रेमापोटी लिहीत नाही. सराव सामना मी कडेला उभा राहून स्वतः पाहिला आहे.

दुसरा विद्यार्थी सतरा वर्षांचा असून पी.यू.च्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे. त्याचे वडील उद्यमबागेतील एका फाउंड्रीत काम करतात. वय निघून जाण्याआधी मुलाला शिक्षण थांबवून पूर्णवेळ फुटबॉलमध्ये घालावे का, असे त्यांनी मला गेल्या रविवारी विचारले आणि मला उत्तर देता आले नाही.

पगाराला मर्यादा घातली की सर्व संघ एका पातळीवर येतात, एवढेच मला आजवर ठाऊक होते. परंतु एकूण पगारावर घातलेली मर्यादा खेळाडूच्या वयापर्यंत कशी पोहोचते, कोणत्या वयाच्या खेळाडूला त्यामुळे जागा मिळते आणि कोणाची जाते, हे कोणी नीट उलगडून सांगेल काय?

निपाणीचा लेखापाल

सर, नमस्कार. मी फुटबॉल खेळलेलो नाही. माझा संबंध आकड्यांशी येतो, आणि अमेरिकेतील मेजर लीग सॉकरचे नियम मी गेली काही वर्षे छंद म्हणून वाचतो. तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या लीगच्या हिशेबात जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र दिसत नाही, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

त्या लीगमध्ये 2024 साली प्रत्येक संघाला पगारासाठी 54 लाख 70 हजार डॉलरची मर्यादा होती. ही मर्यादा मुख्य चमूतील जास्तीत जास्त वीस खेळाडूंसाठी असते. त्याखेरीज चमूत आणखी दहा जागा असतात, त्या बहुतेक तरुणांच्या असतात आणि त्यांचा पगार या मर्यादेत धरला जात नाही. एका खेळाडूच्या नावावर हिशेबात जास्तीत जास्त 6 लाख 83 हजार 750 डॉलर मांडता येत. आता लिओनेल मेस्सी 2023 च्या जुलैमध्ये वयाच्या छत्तिसाव्या वर्षी इंटर मायामीत आला आणि खेळाडू संघटनेने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार त्याचे हमीचे वार्षिक मानधन दोन कोटी चार लाख डॉलरच्या घरात होते. म्हणजे एकट्या मेस्सीचे मानधन संपूर्ण संघाच्या मर्यादेच्या जवळजवळ चौपट! तरीही नियम मोडला जात नाही, कारण 2007 साली डेव्हिड बेकहॅमला लॉस एंजेलिस गॅलक्सीत आणता यावे म्हणून एक वेगळी तरतूद करण्यात आली. त्या तरतुदीत येणाऱ्या खेळाडूला मालक कितीही पैसे देवोत, मर्यादेच्या वहीत मात्र वर सांगितलेला कमाल आकडाच लिहिला जातो. असे खेळाडू एका संघात तीन असू शकतात.

येथवर वयाचा संबंध आलेला नाही. तो पुढच्या ओळीत येतो. या विशेष खेळाडूचे वय चोवीस किंवा अधिक असेल तर वहीत कमाल आकडा लागतो. तो एकवीस ते तेवीस वर्षांचा असेल तर फक्त दोन लाख डॉलर लागतात, आणि वीस किंवा त्याहून लहान असेल तर दीड लाख. प्रत्यक्ष पगार तिघांनाही सारखा दिलेला असू शकतो, फरक फक्त जन्मवर्षाचा आहे.

तुमच्या समजुतीसाठी एक सरळ हिशेब मांडतो. इतर सवलती क्षणभर बाजूला ठेवू. एखाद्या संघाने चोवीसच्या पुढचे तीन विशेष खेळाडू घेतले तर त्यांचे 20 लाख 51 हजार 250 डॉलर होतात, आणि उरलेल्या सतरा जणांना 34 लाख 18 हजार 750 डॉलर राहतात, म्हणजे माणशी साधारण 2 लाख 1 हजार. त्याऐवजी विशीच्या आतले तीन विशेष खेळाडू घेतले तर वहीत साडेचार लाखच पडतात आणि उरलेल्या सतरा जणांना माणशी 2 लाख 95 हजार मिळू शकतात. वरच्या तिघांचे वय बदलल्याने खालच्या प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे 94 हजार डॉलर अधिक आले. ज्या लीगमध्ये त्या वर्षी मुख्य चमूतील किमान पगार 89 हजार 716 डॉलर होता, तेथे हा फरक किती मोठा आहे हे तुमच्या लक्षात येईल.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. 2021 मध्ये बावीस वर्षांपर्यंतच्या खेळाडूंसाठी आणखी एक योजना आली. त्या वयाच्या आत करार केलेल्या ठरावीक खेळाडूंसाठी संघाने दुसऱ्या संघाला कितीही ट्रान्सफर फी, म्हणजे खेळाडू करारातून सोडवून घेण्याची किंमत, मोजली तरी वहीत दीड किंवा दोन लाखच लिहायचे, आणि ही सवलत खेळाडू पंचवीस वर्षांचा होईल त्या हंगामापर्यंत चालू ठेवायची. 2024 च्या उन्हाळ्यात संघांना निवड देण्यात आली: तीन विशेष खेळाडू आणि तीन तरुण घ्या, किंवा दोन विशेष खेळाडू आणि चार तरुण घ्या व त्याबद्दल वीस लाख डॉलरपर्यंतची जादा खर्चक्षमता मिळवा. एक ज्येष्ठ सोडला की एक तरुण आणि वर पैसे, असा तो सौदा आहे.

सव्वीस वर्षांच्या साध्या, प्रामाणिक खेळाडूचे काय होते ते आता पाहा. त्याला वयाची सवलत नाही, विशेष खेळाडूची सवलत नाही, आणि संघाच्या स्वतःच्या अकादमीतून तो आलेला नसेल तर तीही सवलत नाही. चमूत असा तोच एक राहतो की ज्याचा पगार जितका, तितकाच वहीत लागतो. तुमच्या विद्यार्थ्याला "हिशेबात जागा नाही" असे जे सांगितले गेले, त्यामागचा विचार या प्रकारचा आहे. त्यात त्याच्या खेळाचे मूल्यमापन मुळातच नसते, आणि मला स्वतःला या नियमांतील हा भाग अन्यायाचा वाटतो.

हे नियम किती कडकपणे पाळले जातात याविषयी शंका असेल तर इंटर मायामीचेच उदाहरण आहे. 2020 च्या हंगामात ब्लेझ मातुइदीसह काही खेळाडूंचे मानधन कमी दाखवल्याचे आढळले, तेव्हा 2021 मध्ये लीगने त्या संघाला वीस लाख डॉलर दंड केला आणि पुढच्या दोन हंगामांतील खर्चक्षमतेतून 22 लाख 70 हजार डॉलर कापले.

कॅम्पातला जुना बचावपटू

निपाणीच्या भावांनी आकडे उत्तम मांडले आहेत, पण ते वाचून सरांचा असा समज होईल की वयाचा प्रश्न केवळ वहीतून निर्माण झाला. मी पंधरा वर्षे बचाव फळीत खेळलो आहे आणि माझे म्हणणे थोडे निराळे आहे.

आमच्या काळात बेंगळुरूत एचएएल, आयटीआय (इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज) या कारखान्यांचे आणि लष्कराचे संघ यांना मान होता. खेळाडूला नोकरी मिळे, पगार हुद्द्याप्रमाणे मिळे, आणि तिशी उलटली तरी तो संघात राही, कारण त्याला काढल्याने संस्थेचा एक पैसाही वाचत नसे. त्या पद्धतीत तरुणाला वाट पाहावी लागे. माझ्या उमेदीची तीन वर्षे राखीव खेळाडूंच्या बाकावर गेली, आणि माझ्या पुढे खेळणारा बचावपटू चौतीस वर्षांचा होता. तेव्हा ज्येष्ठाला संरक्षण होते आणि तरुणाची कुचंबणा होत असे. आज त्याच्या उलट झाले आहे. दोन्ही पद्धतींत कोणाचे तरी वय वाया जाते, हे मी पाहिले आहे.

आपल्या इंडियन सुपर लीगचा हिशेब अमेरिकेसारखा वयाच्या सवलतीवर उभा नाही. तेथे वयापेक्षा परदेशी खेळाडूंच्या संख्येने चमूचे रूप अधिक ठरवले. 2014 साली लीग सुरू झाली तेव्हा मैदानावर किमान पाच भारतीय असावे लागत. 2017-18 पासून सहा झाले आणि 2021-22 पासून सात. पहिल्या हंगामात दिल्लीने देल पिएरो आणला, तो स्पर्धा चालू असताना चाळिशीचा झाला. गोव्याने रॉबेर पिरेस आणला, तो एकेचाळीसचा झाला. असे मार्की, म्हणजे नावाने प्रेक्षक खेचणारे खेळाडू पगाराच्या मर्यादेबाहेर असत, प्रेक्षक यावेत हा हेतू होता, आणि प्रेक्षक आलेही. गोव्यातल्या फातोर्ड्याच्या मैदानावर मी चोर्ला घाटातून दोन वेळा गेलो आणि दोन्ही वेळा परततांना पहाट झाली, इतकी गर्दी होती.

मधल्या वर्षांत संघाच्या पगाराची मर्यादा साडेसोळा कोटी रुपये होती. समजा त्यातले आठ-नऊ कोटी सहा परदेशी खेळाडूंवर गेले, तर वीस-बावीस भारतीयांना साडेसात-साडेआठ कोटी उरतात. त्यातही नावाजलेल्या दोघा-तिघा भारतीयांना मोठा वाटा जातो, कारण वरच्या दर्जाचे भारतीय खेळाडू मोजकेच आहेत आणि सर्व संघांना तेच हवे असतात. मग खालच्या दहा-बारा जागांसाठी जे उरते ते तरुणांना पुरते. शिवाय चमूत काही खेळाडू विकसनशील वयोगटातले असावेत असाही नियम आहे, म्हणून त्या जागांवर विशीचा मुलगा घेतला की पैसाही वाचतो आणि नियमही पाळला जातो.

मैदानावरील जागेचाही विचार करावा लागतो. परदेशी खेळाडू प्रामुख्याने आघाडीला, मधल्या फळीच्या गाभ्यात आणि मध्यवर्ती बचावात घेतले जातात, आणि ते बहुधा तिशीच्या आसपासचे असतात. भारतीयांना बाजूचे बचावपटू, विंगर आणि गोलरक्षक या जागा अधिक मिळतात. बाजूने धावणाऱ्याचा वेग लवकर कमी होतो, म्हणून त्या जागी तरुण लागतो. गोलरक्षकाचे तसे नाही. तो पस्तिशीतही उपयोगी असतो. सर, तुमचा विद्यार्थी मधल्या फळीत खेळतो, म्हणजे नेमक्या त्या जागेवर की जिथे संघ अनुभवी परदेशी खेळाडू घेतात. वय आणि जागा या दोन्ही गोष्टी त्याच्या विरुद्ध गेल्या.

तरीही सव्वीस हे वय आडवे आले असे मी म्हणणार नाही. सुनील छेत्री 2024-25 च्या हंगामात चाळीस वर्षांचा होता आणि त्याने 14 गोल केले, भारतीयांमध्ये सर्वाधिक. बेंगळुरू एफसीने त्याला ठेवले, कारण तो काय देणार हे त्यांना ठाऊक होते. त्याच संघाने शिवशक्ती नारायणनला तरुण वयात पुढे आणले आणि 2022-23 मध्ये तो लीगचा उदयोन्मुख खेळाडू ठरला. म्हणजे ज्येष्ठालाही जागा आहे आणि तरुणालाही. सव्वीसपर्यंत वरच्या पायरीवर न खेळलेल्या माणसाची मात्र कोंडी होते. त्याच्याविषयी संघाला खात्री नसते, आणि तरुणाबद्दल वाटते तशी आशाही नसते. पैशाची मर्यादा असली की संघ एक तर खात्री विकत घेतो नाही तर आशा.

शहापूर गल्ली

वरील दोन्ही उत्तरांत युरोपचा उल्लेख राहिला, म्हणून थोडक्यात लिहितो. तेथे अमेरिकेसारखी ठरावीक रकमेची मर्यादा नाही; उत्पन्नाच्या प्रमाणात खर्च करावा लागतो. स्पेनच्या लालीगामध्ये प्रत्येक संघाला त्याच्या उत्पन्नावरून खर्चाची मर्यादा ठरवून दिली जाते. 2021 च्या ऑगस्टमध्ये बार्सिलोना आणि मेस्सी यांच्यात करार करण्याची तयारी असूनही नोंदणी होऊ शकली नाही आणि त्याला पॅरिसला जावे लागले, ते याच कारणाने. युएफा या युरोपीय फुटबॉल महासंघाने आपल्या स्पर्धांसाठी पगार, ट्रान्सफर आणि एजंट यांचा मिळून खर्च उत्पन्नाच्या 70 टक्क्यांत आणण्याचे ठरवले. 2023-24 मध्ये ही पातळी 90 टक्के होती, पुढच्या वर्षी 80 आणि 2025-26 पासून 70.

इंग्लंडमध्ये 2010-11 पासून 25 जणांची यादी द्यावी लागते, पण एकवीस वर्षांखालील खेळाडू त्या यादीबाहेर कितीही ठेवता येतात. त्यामुळे यादीतील पंचविसावी जागा एखाद्या अठ्ठावीस वर्षांच्या राखीव खेळाडूला देण्याऐवजी रिकामी ठेवून तरुणांवर भागवणे व्यवस्थापकांना परवडते.

आणखी एक गोष्ट लेखापाल भावांना आवडेल. विकत घेतलेल्या खेळाडूची ट्रान्सफर फी कराराच्या वर्षांवर विभागून दाखवतात. दहा कोटींचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर घेतला तर वर्षाला दोन कोटी, आठ वर्षांच्या करारावर घेतला तर सव्वा कोटी. चेल्सीने 2023 मध्ये तरुण खेळाडूंशी असेच सात-आठ वर्षांचे करार केले. एकतीस वर्षांच्या माणसाशी कोणी आठ वर्षांचा करार करणार नाही, म्हणजे ही सोयही तरुणालाच लागू पडते. त्यानंतर युएफाने ही विभागणी जास्तीत जास्त पाच वर्षांवर आणली. याच्या उलट, अकादमीत वाढलेल्या खेळाडूची खरेदी किंमत शून्य असल्याने त्याला विकले की आलेली सर्व रक्कम नफा म्हणून दिसते. मेसन माउंट सहा वर्षांचा असल्यापासून चेल्सीत होता. 2023 मध्ये तो साडेपाच कोटी पौंडांना मँचेस्टर युनायटेडकडे गेला. घरच्या मुलाला विकणे हिशेबाला सर्वांत सोयीचे व्हावे, याचे मला फार वाईट वाटते.

टिळकवाडी मैदान

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले याबद्दल मनापासून आभार. अण्णा, तुमचे "खात्री किंवा आशा" हे शब्द मी सव्वीस वर्षांच्या त्या मुलाला फोनवर वाचून दाखवले. तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मग म्हणाला, "सर, मला कोणी हे आधी सांगितले असते तर एकविसाव्या वर्षी मी दुसऱ्या जागेवर खेळायला शिकलो असतो." ही चूक माझी आहे. मला तो मधल्या फळीत शोभून दिसे, म्हणून मी त्याला तेथेच ठेवले.

आता सतरा वर्षांच्या मुलाविषयी विचारतो. त्याची उंची आणि वेग दोन्ही चांगले आहेत. त्याच्या शाळेच्या दाखल्यावरील जन्मतारीख आणि नगरपालिकेच्या नोंदीतील तारीख यांत दहा महिन्यांचा फरक आहे. कोणीतरी त्याच्या वडिलांना लहान वयाची तारीखच पुढे चालवा असे सुचवले आहे, म्हणजे सवलतीच्या वयात तो एक वर्ष अधिक राहील. मला हे पटत नाही, पण नेमके काय समजावून सांगावे?

चोर्ल्यापलीकडून

सर, मी मूळची खानापूर तालुक्यातली असून आठ वर्षांपासून गोव्यात एका क्लबच्या नोंदणीचे कागदपत्र पाहते. तुम्हाला हे पटत नाही ते योग्यच आहे, आणि वडिलांना समजावण्यासाठी नीतीच्या पलीकडचीही कारणे आहेत.

वयाची खोटी नोंद आता कागदावर टिकली तरी शरीरावर टिकत नाही. फिफाने सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी 2009 पासून मनगटाची एमआरआय तपासणी सुरू केली, आणि आपल्याकडेही कुमार गटांच्या स्पर्धांत हाडांवरून वय पाहिले जाते. तपासणीत मुलगा अडकला तर त्याच्याबरोबर त्याला पाठवणारी संस्थाही अडकते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे भारतीय फुटबॉल महासंघाच्या संगणकीय नोंदणीत एकदा गेलेली जन्मतारीख पुढे त्याच्या प्रत्येक करारात आणि पासपोर्टच्या प्रत्येक तपासणीत समोर येते. दोन कागदांवर दोन तारखा असलेल्या मुलाची फाइल मी स्वतः हाताळली आहे. त्याच्या नोंदणीची मुदत तारखेचा निकाल लागण्यापूर्वीच संपली आणि त्या हंगामात तो एकही सामना खेळू शकला नाही. म्हणून जन्म जेथे नोंदवला गेला त्या कार्यालयातील मूळ नोंद काढा, तीच खरी असेल तर शाळेचा दाखला तिच्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या, आणि हे काम पी.यू.च्या निकालापूर्वी करा, कारण त्या गुणपत्रिकेवर तारीख छापली गेली की दुरुस्ती अधिक लांबते.

दुसरी गोष्ट तुमच्या स्वतःच्या क्रीडा मंडळाची आहे. फिफाच्या नियमाप्रमाणे खेळाडूला कराराच्या मुदतीत परदेशी संघाने ट्रान्सफर फी देऊन घेतले, तर त्या रकमेच्या 5 टक्के रक्कम तो बारा ते तेवीस या वयात जेथे जेथे नोंदलेला होता त्या क्लबांत वाटली जाते. बारा ते पंधरा या वयातील प्रत्येक हंगामासाठी फीच्या पाव टक्का आणि सोळा ते तेवीसमधील प्रत्येक हंगामासाठी अर्धा टक्का, असे ते प्रमाण आहे. समजा बारा ते अठरा अशी सात वर्षे मुलगा तुमच्याकडे नोंदलेला आहे आणि पुढे कधी तो एक कोटी रुपयांना परदेशी गेला, तर तुमच्या मंडळाचा वाटा अडीच लाख रुपये होतो. त्याखेरीज पहिला व्यावसायिक करार होताना प्रशिक्षणाच्या भरपाईचीही तरतूद आहे. 2022 च्या नोव्हेंबरपासून फिफाच्या एका स्वतंत्र यंत्रणेमार्फत हे वाटप होते आणि ते केवळ नोंदणीच्या इतिहासावरून ठरते. आपल्या भागातील बहुतेक मंडळांत मुले वर्षानुवर्षे खेळतात, पण त्यांची नोंदणी कोठेच नसते. मंडळ जिल्हा संघटनेशी आणि राज्य संघटनेशी रीतसर जोडलेले नसेल तर तुमची अठरा वर्षांची सकाळ कागदावर दिसतच नाही, आणि मला याची फार खंत वाटते.

शिक्षण थांबवण्याविषयी वडिलांना एवढेच सांगा की अठरा पूर्ण होण्याआधी तीन वर्षांपेक्षा अधिक मुदतीचा व्यावसायिक करार फिफाच्या नियमांत मान्य होत नाही, आणि दुसऱ्या देशात जाण्यासही, काही अपवाद सोडले तर, अठरा पूर्ण व्हावे लागतात. म्हणजे पुढच्या आठ-दहा महिन्यांत असे काहीही घडणार नाही की ज्यासाठी परीक्षा सोडावी. खरी महत्त्वाची वर्षे अठरा ते एकवीस ही आहेत. त्या वयासाठी 2022 पासून रिलायन्स फाउंडेशनची डेव्हलपमेंट लीग भरते, तीत वरच्या संघांचे तरुण चमू उतरतात, आणि पहिल्याच वर्षी ती बेंगळुरू एफसीने जिंकली होती. त्या चमूत शिरण्यासाठी प्रयत्न करायचा. मोठ्या संघाच्या राखीव बाकावर तीन वर्षे बसून राहण्यापेक्षा लहान संघात नियमित सामने मिळत असतील तर ते स्वीकारावे, कारण एकविसाव्या वर्षी त्याच्या नावावर किती मिनिटे आहेत हे सर्वांत आधी विचारले जाते.

कॅम्पातला जुना बचावपटू

ताईंनी लिहिलेली शेवटची ओळ माझ्याही अनुभवाची आहे. त्यात एक भर घालतो. व्यावसायिक फुटबॉलचा पाया आपल्याकडे अजून पक्का नाही. 2025 च्या जुलैत महासंघ आणि आयोजक कंपनी यांच्यातील पंधरा वर्षांच्या कराराचे पुढे काय, या प्रश्नावरून इंडियन सुपर लीगचा नवा हंगामच स्थगित ठेवण्यात आला आणि नामवंत खेळाडूंचेही पगार अडकले. त्यामुळे मुलाच्या हाती पदवी किंवा आयटीआयचे प्रमाणपत्र असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळला आणि पुढे लीगमध्येही टिकला, हे आपल्या मुलांनी डोळ्यांपुढे ठेवावेच, पण त्याच्याबरोबर पेठांच्या तालमींत खेळलेली इतर मुले आज काय करतात याचीही वडिलांनी चौकशी करावी.

आणि सर, सव्वीसच्या मुलाला जागा बदलण्यासाठी उशीर झालेला नाही. मधल्या फळीतला माणूस चेंडू समजून खेळतो. उजव्या बाजूच्या बचावात त्याला एक हंगाम द्या. इंडियन सुपर लीगच्या खालच्या श्रेणींतील संघ, गोव्याच्या लीगमधील संघ या जागेसाठी भारतीय खेळाडूच शोधतात. तेथे पगार कमी आहे, पण दोन हंगाम नीट गेले तर अठ्ठाविसाव्या वर्षी तो "खात्री" या रकान्यात येऊ शकतो. बचावाच्या सरावासाठी मी शनिवारी येऊ शकतो. गुडघा दुखतो, पण उभे राहून सांगणे जमते.

टिळकवाडी मैदान

अण्णा, शनिवारी सहा वाजता अवश्य या. तो शुक्रवारी रात्रीच्या गाडीने बेंगळुरूहून निघणार आहे. ताई, आज दुपारी मी मुलाच्या वडिलांबरोबर जन्मनोंद कार्यालयात जाऊन आलो. मूळ नोंदीप्रमाणे मुलगा दहा महिन्यांनी मोठा आहे. वडील थोडे खिन्न झाले, परंतु शाळेचा दाखला दुरुस्त करण्याचा अर्ज त्यांनी तेथेच माझ्याकडून लिहून घेतला आणि त्यावर सही केली. मंडळाच्या नोंदणीसाठी कोणती कागदपत्रे लागतात ते कृपया येथेच लिहावे, म्हणजे वडगाव आणि अनगोळच्या मंडळांनाही ते वाचता येईल.